रायपूरचा गारवा आणि यंत्राचे वय

रायपूरच्या उन्हाळ्याचे पंचांग निराळे आहे. होळी पेटून विझली की दुपारचे रस्ते ओस पडू लागतात. वैशाखात वारा भट्टीच्या तोंडून आल्यासारखा लागतो. आणि सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की मेच्या अखेरीस ‘नवतपा’ सुरू होतो. या नऊ दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर चढणे ही तेथे बातमी नव्हे. जूनच्या मध्यास मोसमी पाऊस येतो आणि ऊन हटते, पण उकाडा हटत नाही. कोरडा दाह आणि ओला उकाडा असे दोन वेगवेगळे ताप या नगराच्या वाट्याला एकामागून एक येतात. गारव्याची जी जी साधने तेथल्या घरांत आली आणि गेली, त्यांचे येणे-जाणे या दोन तापांनीच ठरवले. आज मार्च उजाडला की रायपुरातील अनेक घरांत एक प्रश्न निघतो: घरातले जुने वातानुकूल यंत्र आणखी एक उन्हाळा काढील, की त्याला आता रजा द्यावी? हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही.

मराठी माणसाचा या नगराशी संबंध जुना आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत छत्तीसगडात उतरले. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून राज्य केले. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षक कर्नल अ‍ॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलवले. कारकून, पुरोहित, शिक्षक आणि वकील अशी मराठी कुटुंबे त्या ओघात येथे स्थिरावली आणि तात्यापाऱ्यासारख्या वस्तीच्या नावात आपली खूण ठेवून राहिली. त्या काळचे घर हेच गारव्याचे यंत्र होते. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कौले, मध्ये अंगण, आणि दिवसा मुद्दाम काळोखी ठेवलेले माजघर. शहरभर तलाव होते, त्यातला बूढा तालाब तर सर्वांच्या परिचयाचा. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खाण्याची छत्तीसगडी बोरे-बासी मराठी घरांच्या पन्ह्याशेजारी नांदत होती. या घराला वीज लागत नव्हती. पण म्हणून ते फुकट गार राहत होते असे मात्र नाही. दरवर्षी पावसापूर्वी शाकारणी करावी लागे, भिंती लिंपाव्या लागत, फुटकी कौले बदलावी लागत. दुरुस्तीचा खर्च घराच्या हिशेबात वर्षासनासारखा धरलेलाच असे आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करीत नसे.

साहेब लोकांच्या बंगल्यांत आणि कचेऱ्यांत दुसरी साधने आली. वाळ्याच्या ताट्या या मुळात मोगल दरबारच्या. अकबराच्या पदरी सोऱ्याने पाणी गार करीत आणि वाळ्याचे पडदे भिजवून दालने थंड ठेवीत, असे आईन-ए-अकबरीत नमूद आहे. इंग्रजांनी त्या ताट्यांना छतापासून लोंबणाऱ्या पंख्याची जोड दिली. त्या पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जाई आणि तेथे एक माणूस ती तासन्‌तास ओढीत बसे. गारवा खोलीत, आणि तो निर्माण करणारा घाम उन्हात, अशी ती वाटणी होती. प्रांताचा मुख्य कारभार तर उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीलाच जाई. ज्यांना जाता येत नसे त्यांच्यासाठी दोरी ओढणारा. पुढे विजेचा पंखा आला तेव्हा हा दोरीचा पंखा काही बिघडलेला नव्हता. दांडी शाबूत होती, झालर शाबूत होती. तो गेला तो माणसाच्या मजुरीपेक्षा वीज स्वस्त पडू लागली म्हणून.

बर्फाची कहाणी याहूनही बोलकी आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ साली मॅसॅच्युसेट्सच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, भुशात दडपून, ‘टस्कनी’ नावाच्या जहाजाने कलकत्त्यास पाठवला. चार महिन्यांच्या सफरीत निघालेल्या १८० टनांपैकी सुमारे १०० टन बर्फ शिल्लक उरला, आणि तो पाहायला शहर लोटले. पुढच्या वर्षी हा बर्फ मुंबईस आला. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे तो साठवायला बर्फघरे उभी राहिली आणि चाळीसएक वर्षे हा व्यापार भरभराटीने चालला. १८७० नंतरच्या दशकात यंत्राने बर्फ करणारे कारखाने मद्रास व कलकत्ता येथे निघाले, तेव्हा ट्यूडरचा बर्फ काही कमी गार झाला नव्हता; तरी थोड्याच वर्षांत तो इतिहासजमा झाला. मद्रासचे बर्फघर तेवढे आजही समुद्रकाठी उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तेथे नऊ दिवस राहिले म्हणून ते विवेकानंद हाऊस या नावाने ओळखले जाते. हेच नरेंद्र लहानपणी, १८७७ ते १८७९ या काळात, वडिलांबरोबर रायपुरास राहिले होते. तेव्हा रायपूरपर्यंत आगगाडी नव्हती. नागपूरहून पुढचा प्रवास बैलगाडीचा. समुद्रापलीकडचा बर्फ मद्रासला पोहोचत होता, पण रायपूरच्या वाट्याला मातीचा माठच होता.

विजेच्या पंख्याने घाम वाळतो, हवा गार होत नाही. ४४ अंशांची हवा अंगावर फेकणारा पंखा नवतपात सुखापेक्षा तापच देतो. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विदर्भाप्रमाणेच छत्तीसगडातही कूलर घरोघरी आला. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी कात्रणाच्या जाळ्या, खाली पाणी आणि मध्ये पंखा. अकबराची ताटीच ती, फक्त भिस्त्याच्या जागी पाणी चढवणारी मोटर. पाण्याचे बाष्प होताना ते हवेतली उष्णता घेते, हे यामागचे तत्त्व. मे महिन्यात हवा ४३ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असली, तर या रीतीने हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात २७-२८ पर्यंत उतरली तरी जीव शांत होतो. परंतु जुलैत हवा ३२ अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्के झाली की हीच सीमा २९ अंशांवर येऊन थांबते. तेव्हा कूलर खोलीत गारवा आणीत नाही, ओल आणतो. पापड सादळतात, अंथरुणे चिकट होतात. कोरड्या तापावरचा हा उपाय ओल्या तापापुढे हात टेकतो.

ओल्या तापाचे औषध मूळचे माणसासाठी शोधलेलेच नव्हते. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्याला अडचण पडली: दमट हवेत कागद फुगे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरियर नावाच्या तरुण अभियंत्याने हवेतली ओल काढून टाकण्याची योजना आखली आणि त्यातून वातानुकूलन जन्मले. कागदाचे सुख माणसाच्या वाट्याला यायला पुढे कित्येक वर्षे लागली. भारतात १९४३ साली ब्लू स्टार आणि १९५४ साली व्होल्टास या संस्था स्थापन झाल्या खऱ्या, पण घरात वातानुकूल यंत्र असणे ही दीर्घकाळ श्रीमंतीची खूणच राहिली. रायपुरात चित्र पालटले ते १ नोव्हेंबर २००० नंतर. छत्तीसगड राज्य झाले, रायपूर राजधानी झाली, आणि कौलांच्या जागी सिमेंटच्या सपाट छपरांची घरे व मजल्यांवर मजले झपाट्याने उभे राहिले. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत परत ओकतो. जुने घर ज्या तापाला दाराबाहेर ठेवी, तो नव्या घराने आत घेतला आणि मग त्याला हुसकावण्यासाठी यंत्र आणले.

पंखे आणि बर्फघरे जशी गेली, तसाच या यंत्राचाही एक दिवस येतो. तो ओळखण्यात लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. कुणी दहा वर्षे झाली म्हणून धडधाकट यंत्र काढून टाकतो, तर कुणी पंधरा वर्षांचे खिळखिळे यंत्र दरवर्षी नवे औषध पाजून जगवतो. दहा ते पंधरा वर्षे हे साधारण आयुष्य खरे, पण यंत्राचे वय जन्मपत्रिकेवरून ठरत नाही.

पहिली गोष्ट अशी की ज्याला म्हातारपण म्हणतात ते पुष्कळदा नुसते आजारपण असते. रायपूरच्या भोवती उरला आणि सिलतरा येथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. हवेत धूळ आणि काजळी पुष्कळ. यंत्राचा जो भाग घराबाहेर असतो, त्याच्या कॉइलवर ही पूड बसली की खोलीतली उष्णता बाहेर टाकायला वाट उरत नाही, कॉम्प्रेसर धापा टाकू लागतो आणि बिल फुगते. जाळी धुतलेली नसणे, काहीशे रुपयांचा कपॅसिटर निकामी होणे, विजेचा दाब कमी असणे, ही कारणेही तशीच. यांपैकी कशानेही यंत्र बदलण्याची वेळ येत नाही. स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचा हात फिरवला आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला, तर ‘आता पूर्वीसारखे गार होत नाही’ ही तक्रार कित्येकदा यंत्राला हात न लावताच मिटते. हे न करता नवे यंत्र आणले तर तेही दोन वर्षांत त्याच तक्रारीला पात्र होते.

दुसरी गोष्ट गॅसची. ‘गॅस संपला, भरावा लागेल’ हे वाक्य उन्हाळ्याच्या तोंडाशी घरोघरी ऐकू येते आणि ते निमूटपणे मान्यही होते. वास्तविक यंत्रातला गॅस स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणे जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरतो, आत उष्णता घेतो, बाहेर सोडतो. गळती नसेल तर जन्मभर तोच पुरतो. गॅस कमी झाला याचा अर्थ कोठेतरी छिद्र आहे. ते सांध्यावर असेल तर झाळून बुजवता येते. पण आतल्या कॉइललाच जागोजाग सूक्ष्म छिद्रे पडली असतील तर भरलेला गॅस पुढच्या होळीपर्यंत पुन्हा निघून जातो. दोन वर्षे लागोपाठ गॅस भरावा लागला आणि कॉइल बदलून मिळण्याजोगी नसली, तर त्या यंत्राची सेवा संपली असे खुशाल समजावे. या गळतीची झळ घराच्या खिशालाच लागते असेही नाही. जुन्या यंत्रांत आर-२२ नावाचा गॅस असे. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने ओझोनच्या थराला अपाय करणारे वायू हटवण्याचे ठरले. भारत १९९२ साली त्यात सामील झाला, आणि आर-२२ चा वापर टप्प्याटप्प्याने आटोपत २०३० पर्यंत संपवायचा असे वेळापत्रक आहे. हवेचे तापमान वाढवण्यात हा वायू कर्बवायूच्या सुमारे १,८०० पट प्रबळ. म्हणजे किलोभर गॅस एका गळतीत उडाला की कोळशाची सुमारे १,८०० युनिट वीज जाळण्याइतका भार वातावरणावर पडतो. त्यामानाने पुढच्या यंत्रांतील आर-३२ चा हा आकडा ६७५ च्या आसपास, आणि आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेनचा तर अगदीच नगण्य, मात्र तो ज्वालाग्राही असल्यामुळे तेथे कारागीर जाणता हवा.

तिसरी गोष्ट ताऱ्यांची, आणि येथे इतिहास अगदी जवळचा आहे. ऊर्जा संरक्षण कायदा २००१ चा. त्यानुसार स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ साली यंत्रांवर तारे छापण्याची योजना काढली आणि जानेवारी २०१० पासून घरगुती वातानुकूल यंत्रांवर ते सक्तीचे झाले. एक युनिट विजेच्या बदल्यात किती युनिट उष्णता खोलीबाहेर काढली जाते, यावर तारे ठरतात. २०१० साली ज्याचे हे गुणोत्तर ३.१ होते ते यंत्र पाच ताऱ्यांचे गणले गेले. २०१४ च्या कोष्टकात स्प्लिट यंत्राला तेवढ्यावर तीन तारे मिळत. २०१८ पासून वर्षभराच्या ऋतुमानाचा विचार करणारी नवी मोजणी सक्तीची झाली, आणि जुलै २०२२ पासूनच्या कोष्टकात पाच ताऱ्यांसाठी ५ चे गुणोत्तर लागू झाले, ३.१ ला तेथे एकही तारा उरला नाही. दोन्ही मोजण्या तंतोतंत सारख्या नाहीत हे खरे, पण कल समजायला एवढे पुरे. यंत्र भिंतीवर तसेच होते, त्याच्यावरचे पाच तारेही तसेच चिकटलेले होते. त्यांचा अर्थ तेवढा निघून गेला होता. ट्यूडरच्या बर्फाचेही असेच झाले होते.

म्हणून जुने यंत्र लगेच काढावे काय? हिशेब मांडला तर उत्तर वेगळे येते. समजा, दीड टनाचे २.७ गुणोत्तराचे यंत्र मोसमात १,२०० युनिट वीज खाते. ५ गुणोत्तराचे यंत्र तेवढाच गारवा साधारण ६५० युनिटांत देईल. बचत ५५० युनिटांची. युनिटमागे सात रुपये धरले तर वर्षाला ३,८५० रुपये. बसवणुकीसह ४०,००० रुपयांचे नवे यंत्र या बचतीतून फिटायला दहा वर्षांहून अधिक लागतील. तेव्हा केवळ तारे पाहून सुस्थितीतील यंत्र बदलणे हा तोट्याचा व्यवहार होय, जाहिराती काहीही म्हणोत. पण याच यंत्राचा कॉम्प्रेसर गेला आणि दुरुस्तीला १५,००० रुपये लागणार असतील, तर प्रश्न ४०,००० चा न राहता २५,००० चा होतो आणि परतफेड साडेसहा वर्षांवर येते. ज्या घरी यंत्र दिवसरात्र चालते, वापर याच्या दुप्पट आहे, तेथे ती सव्वातीन वर्षांवरच. अमेरिकेत यंत्राच्या वयाला दुरुस्तीच्या खर्चाने गुणून निर्णय घेण्याचा आडाखा आहे. आपल्याकडे त्याहून साधा असा धरता येईल की यंत्र दहा वर्षांपलीकडचे असून दुरुस्ती नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जड जात असेल, तर तो पैसा जुन्यावर घालू नये.

छत्तीसगडात या हिशेबाला आणखी एक कलाटणी मिळाली. मार्च २०१९ पासून तेथल्या सरकारने घरगुती वापराच्या पहिल्या ४०० युनिटांवर निम्म्या बिलाची सवलत दिली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मर्यादा १०० युनिटांवर आणली गेली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात २०० करण्यात आली. जुने यंत्र मे महिन्यात रोज रात्री आठ तास चालले तर एकटेच महिन्याला ३०० च्या आसपास युनिट खाते. ४०० च्या मर्यादेत जे खपून जात होते ते २०० च्या मर्यादेत खपत नाही. यंत्र न बिघडताच महाग झाले. पंख्याची दोरी ओढणाऱ्याची मजुरी वाढावी तसे हे झाले. त्याच सुमारास, २२ सप्टेंबर २०२५ पासून, वातानुकूल यंत्रावरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. एका हाताने जुने जड केले, दुसऱ्याने नवे हलके केले.

परंतु सर्वच गोष्टी रुपयांत मोजता येत नाहीत. ज्या घरात सत्तरीपलीकडचे आजी-आजोबा, हृदयविकाराचा रुग्ण किंवा तान्हे मूल आहे, तेथे यंत्र नवतपात बंद पडणे ही गैरसोय नसते, धोका असतो. वृद्धांना तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि उष्माघात रात्रीच्या बंद खोलीतही होतो. मेच्या अखेरीस कारागीर चार-चार दिवस मिळत नाहीत. अशा घराने डळमळीत यंत्राच्या मरणाची वाट पाहणे बरे नव्हे. निर्णय फाल्गुनातच घ्यावा. एरवी तरणीताठी माणसे असलेल्या घराने एखादा उन्हाळा जुना कूलर पुसून काढला तरी बिघडत नाही. मे-जूनपुरता तो आजही पुरेसा आहे आणि त्याला वीजही फार थोडी लागते.

शेवटी उरतो तो निरोप. काढलेले यंत्र घराबाहेर पडते, पण बहुधा संपत नाही. ते भाड्याच्या खोलीत, लहान दुकानात, गावाकडच्या नातेवाइकाकडे जाते, आणि ज्या बिलाला कंटाळून एका घराने ते काढले तेच बिल त्याहून गरीब घर भरू लागते. नाहीतर ते भंगारवाल्याकडे जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी अशा यंत्रांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण दारात आलेल्या हातगाडीवाल्याचे लक्ष तांब्याच्या नळीवर असते. तो करवत लावतो, फुस्स असा आवाज होतो आणि किलोभर गॅस रायपूरच्या आभाळात निघून जातो. जाणता कारागीर असे करीत नाही. तो आधी बाहेरच्या पेटीवरची बारीक नळीची झडप बंद करतो, यंत्र काही मिनिटे चालू ठेवून सारा गॅस त्या पेटीत ओढून घेतो, मग जाड नळीची झडप फिरवतो, आणि त्यानंतरच नळ्या सोडवतो.